स्टॉकफिश वेगवान कसे बांधले जाऊ लागले : पार्श्वभूमी

स्टॉकफिश म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम. पटावर घरे ६४, दर घराला एक बिट (० किंवा १), म्हणून सगळी प्यादी एकाच ६४ बिटांच्या आकड्यात मावतात. १९७०च्या दशकात ‘चेस ४.०’ आणि सोव्हिएत ‘काइसा’ हे बुद्धिबळाचे प्रोग्राम ही पद्धत वापरत होते. ३२ बिटांच्या पीसीवर मात्र अशा आकड्याचे दोन तुकडे करून हिशेब करावा लागे. २००३ मध्ये एएमडीच्या ६४ बिटांच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरने ती अडचण संपवली. तोवर उलटही घडले होते: रॉबर्ट हयात यांचे ‘क्राफ्टी’ हे बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर प्रोसेसरांचा वेग मोजणाऱ्या स्पेक सीपीयू २००० या चाचणीसंचात गेले, आणि कंपायलरच (कोडाचे प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारे प्रोग्राम) बुद्धिबळावर जोखले जाऊ लागले.

२००८ मध्ये मार्को कोस्टाल्बा यांनी टॉर्ड रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’वरून स्टॉकफिश काढले. त्याच वर्षी इंटेलच्या नेहालेम प्रोसेसरमध्ये आकड्यातले १ मोजणारी ‘पॉपकाउंट’ सूचना आली. ती वापरायची परवानगी कंपायलरला दिली नाही, तर स्टॉकफिश ६५,५३६ नोंदींच्या तक्त्यात चारदा डोकावून तीच बेरीज करते. एका सूचनेचे काम, आणि त्यासाठी ६४ केबीचा तक्ता कॅशमध्ये (प्रोसेसरच्या छोट्या, वेगवान स्मृतीत) जागा अडवतो.

२०१३ च्या इंटेल हॅसवेल प्रोसेसरने एव्हीएक्स-२ आणि बीएमआय-२ हे सूचनांचे नवे संच आणले. बीएमआय-२ मधल्या ‘पेक्स्ट’ने हत्ती-उंटांच्या चाली झटपट शोधता येतात, पण एएमडीच्या झेन आणि झेन-२ वर हीच सूचना फार संथ चालते. तिथे बीएमआय-२ ऐवजी एव्हीएक्स-२ ची बांधणीच (त्या सूचनांसाठी कंपाइल केलेली आवृत्ती) निवडावी. झेन-३ पासून ही अडचण नाही. याउलट, नव्या प्रोसेसरसाठी बांधलेली फाइल जुन्यावर सुरू होताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडते.

सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ सोबत स्थिती जोखणारे न्यूरल नेटवर्क आले; त्याचे काम ढीगभर आकड्यांच्या बेरजांचे, म्हणून हे पर्याय चैनीचे न राहता गरजेचे झाले. एव्हीएक्स-२ एका सूचनेत १६ बिटांचे १६ आकडे एकदम बेरजेत घेते, जुना एसएसई संच फक्त ८.

आमच्या मते कंपायलरच्या ‘ओ-३’ या वेगवाढीच्या पर्यायामागेपुढे आणखी पर्याय (‘फ्लॅग’) चिकटवण्यापेक्षा ‘मेक प्रोफाइल-बिल्ड’ ही आज्ञा कितीतरी मोलाचे. यात आधी मोजणी-काउंटर घातलेला प्रोग्राम बनतो, मग तो ‘बेंच’ या स्टॉकफिशमधल्याच चाचणीच्या ठरावीक स्थिती सोडवतो, आणि त्या नोंदींवरून सगळे पुन्हा कंपाइल होते. शोधाच्या कोडात ‘जर-तर’ खच्चून भरलेले असतात आणि बहुतेकांचा कल एकाच बाजूला असतो. तो कल कळला की कंपायलर नेहमीची वाट सरळ मांडतो. कोड बदलल्यावर जुन्या नोंदी मात्र वापरू नयेत; त्या जुळत नाहीत आणि फायदा निघून जातो.

‘बेंच’ शेवटी देते त्यातले दोन आकडे महत्त्वाचे: तपासलेले एकूण नोड (शोधातल्या स्थिती) आणि सेकंदाला किती. डीफॉल्टला १६ एमबी हॅश (आधी तपासलेल्या स्थितींची स्मृती), एक थ्रेड आणि शोधाची खोली १३ असते. एकाच सोर्सच्या दोन बांधण्यांत पहिला आकडा तंतोतंत तोच यायला हवा. वेगळा आला तर वेग पाहूच नका, कंपायलरने किंवा कोडने काहीतरी बिघडवले आहे. दुसरा आकडा लॅपटॉप तापला की खाली येतो, म्हणून जुनी आणि नवी बांधणी आलटून पालटून निदान दहा-दहा वेळा चालवावी.