पडदा बदलेपर्यंतची गोष्ट

झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागातलं नाटक पहिल्यांदा पाहायला आलेला पाहुणा, पुण्याचा असो की नागपूरचा, पहाटे कानटोपी सारखी करत बाहेर पडताना साधारण एकच बोलतो. नटांची कामं चांगली, गळे चांगले, पण कथानक फार विस्कळीत. नायिकेवर आभाळ कोसळलेलं असतं आणि पुढच्याच प्रवेशात घरगडी आणि मोलकरीण कोंबडीवरून भांडतात, हे त्याला पचत नाही. मग ‘हिंदी सिनेमाची नक्कल आहे’ असं म्हणून तो मोकळा होतो. गेल्या काही वर्षांत हे मत इथल्या शिकलेल्या पोरांच्या तोंडीही ऐकू येतं. कोणी कोणाचं उचललं, याचा हिशेब मात्र जरा उलटा आहे.

लांबच्या काळाचं थोडक्यात आटोपतो. नाट्यशास्त्रानं इतिवृत्ताला, म्हणजे कथानकाला, नाट्याचं शरीर म्हटलं आणि त्याचे दोन भाग केले. मुख्य कथा ती आधिकारिक आणि तिच्या आधारानं चालणारी ती प्रासंगिक. ‘उत्तररामचरित’ लिहिणाऱ्या भवभूतीच्या पूर्वजांचं गाव पद्मपूर, आणि गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ असलेलं पदमपूर तेच, असं अभ्यासक मानतात. त्यावरून झाडीची नाट्यपरंपरा बाराशे वर्षांची आहे, असं सत्काराच्या मंचावरून सांगायची पद्धत पडली आहे. मला ते ओढूनताणून वाटतं, मधली शेकडो वर्षं कशानं भरायची? पण त्या नाटकाचा पहिला अंक आपल्या विषयाला फार जवळचा आहे. राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच वनवासाची चित्रं पाहतात. चित्रात घडून गेलेली गोष्ट आहे, ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि ती पाहूनच सीतेला पुन्हा रानात जावंसं वाटतं. तिला सोडून यायला तेच निमित्त होतं. चित्रानं गोष्ट सांगितली, नाट्य झालं ते पाहणाऱ्यांत.

दंडारीकडे, म्हणजे इथल्या जुन्या लोकनाट्याकडे आलं की आपण ओळखीच्या बांधावर येतो. नाव हातातल्या दंडावरून आलं की दंडकारण्यावरून, यावर हिरिरीनं भांडणारे दोन्हीकडे आहेत. त्यांचं चालू द्या. भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की दिवसा दंडार उभी राहते. नाच, गाणं, सोंग, पुरुषांनीच घेतलेली बायांची कामं. एका सोंगाचा दुसऱ्याशी धागा जुळायलाच हवा अशी कोणाची अट नसते. खडी गंमत या तमाशासारख्या लोकनाट्यातही शाहिराचा सवाल-जवाब रंगला की मूळ कथा बाजूला बसून राहते. म्हणजे ‘तुटक’ सांगणं हे इथल्या प्रेक्षकाला सिनेमानं शिकवलेलं नाही. ते त्याला आधीपासूनच गोड लागत होतं.

मग पडदा आला. सांगलीत १८४३ साली मराठी नाटक उभं राहिलं, १८८० साली पुण्यात संगीत नाटकाचा साज चढला आणि पारशी कंपन्यांनी रंगवलेल्या पडद्यांचं वेड देशभर लावलं. तो पडदा पुढे झाडीतल्या गावोगावच्या मंडळांच्या पेटाऱ्यांत येऊन पडला. दरबार, जंगल, गरिबाचं घर आणि रस्ता. माझ्या मते झाडीपट्टीच्या कथानकाचा सगळ्यात मोठा लेखक हा रस्त्याचा पडदाच आहे.

कसं ते पाहा. मागे दरबार काढून घर लावायचं तर वेळ लागतो. गादी उचला, खुर्ची सरकवा, तुळशीवृंदावन आणा. तेवढा वेळ समोरच्या हजार-दोन हजार माणसांना अंधारात बसवून ठेवता येत नाही. म्हणून पुढच्या बाजूला रस्त्याचा पडदा सोडायचा आणि त्याच्यासमोरच्या चार हात जागेत दोन पात्रं सोडायची. त्यांना सामान लागत नाही, मागची खुडखुड ऐकू जाऊ नये म्हणून ती जरा जोरात बोलली तर बरंच, आणि मागून ‘झालं’ अशी खूण येईपर्यंत त्यांना बोलणं लांबवता आलं पाहिजे. अशा जागी कोण टिकेल? विनोदी जोडीच. लेखकानं करुणरसाला उतारा म्हणून विनोद घातला, असं समीक्षेत सांगतात. खरं तर मागे खुर्च्या सरकत होत्या.

१९३१ साली हिंदी आणि १९३२ साली मराठी बोलपट आला, तेव्हा त्याचे लेखक, गायक आणि नट मोठ्या संख्येनं याच पडद्यांच्या दुनियेतून गेले. सिनेमात तर दरबाराचं घर करायला एक कातरी पुरते. तरीही नोकर-मोलकरणीचं उपकथानक पुढची कित्येक दशकं हिंदी सिनेमात चालत राहिलं. म्हणजे सिनेमानं सवय उचलली आणि तिचं कारण मागेच राहिलं. पुढे तेच सिनेमे फिरत्या टॉकीजमधून आणि भाड्यानं आणलेल्या व्हिडिओवर आमच्याकडे आले, तेव्हा लोकांना ते आपलेच वाटले यात नवल काय?

दुसरं कारण म्हणजे रात्र. नाटक दहाच्या सुमारास सुरू होतं आणि फटफटेपर्यंत चालतं. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत शामियाना, खाली तणस, अंगावर चादरी. चार गावं पलीकडून आलेला पाव्हना रात्री दोनला नाटक संपलं तर थंडीत जाणार कुठे? म्हणून कथानकाला दोन पिढ्या लागतात, हरवलेला भाऊ लागतो, दहाएक गाणी लागतात. आणि मध्ये डुलकी लागलेल्याला पुन्हा धागा सापडावा म्हणून प्रत्येक अंकात कोणीतरी कोणालातरी घडलेलं सगळं पुन्हा सांगतं. शहरी पाहुण्याला हा पाल्हाळ वाटतो. शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेल्या आजोबांची ती सोय असते.

आता ज्या शब्दानं सगळा घोळ केला आहे त्याकडे येतो. ‘रंगभूमी’. पुण्या-मुंबईत हा शब्द फार मोठा आहे. मराठी रंगभूमी, प्रायोगिक रंगभूमी, तिचा दिवस, तिची पूजा. गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशाला, ‘रंगभूमी’ म्हणजे एक नाटक कंपनी. रस्त्यानं चाललात तर पाट्या दिसतात: अमुक रंगभूमी, वडसा. शेजारी दुसरी. खाली फोन नंबर. ‘यंदा कोनती रंगभूमी आनली?’ असं गावात विचारतात, तेव्हा प्रश्न परंपरेचा नसतो, कंत्राटाचा असतो. त्यामुळे ‘झाडीपट्टी रंगभूमी’ असं बाहेरचा अभ्यासक लिहितो तेव्हा त्याच्या मनात दंडारीपासूनची सगळी परंपरा असते आणि वाचणाऱ्या इथल्या माणसासमोर वडशाची पाटी उभी राहते. दोघे एकाच शब्दावर मान डोलावतात आणि वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात.

हा शब्द असा सरकला त्यामागे एक निर्णय आहे. तो कोणा एकानं केला नाही. गावागावानं, एकेका हंगामात केला. आधी नाटक गावचं मंडळ करायचं. शिक्षक दिग्दर्शक, सरपंचाचा पोरगा नायक, खलनायक बहुधा किराणा दुकानदार. पावसाळ्यात रोवणी आटोपली की तालमी. बाहेरून फक्त नट्या, पेटीवाला आणि तबलजी आणायचे. वर्गणी नि तिकिटांतून जे उरेल ते देवळाला, शाळेला. मग हळूहळू मंडळांनी संपूर्ण नाटकच वडशाहून ठरवायला सुरुवात केली. आगाऊ रक्कम द्या, तारीख घ्या, शामियाना आणि तिकिटं आपली, नाटक त्यांचं. वडसा असं केंद्र होण्यामागे त्याची जागाही आहे. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे रेल्वे स्थानक अनेक वर्षं जिल्ह्यातलं एकमेव होतं.

या निर्णयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, गावाचं नाटक मेलं, गाव नुसतं गिऱ्हाईक झालं. दुसरा म्हणतो, कंपन्या नसत्या तर टीव्हीनं केव्हाच गिळलं असतं. आज शेकडो नट, वादक, लेखक, पडदेवाले हंगामभर पोट भरतात ते यामुळेच. मी दुसऱ्या बाजूचा आहे हे लपवत नाही, कारण पोटाचा प्रश्न आधी. पण पहिल्या तटाचा एक मुद्दा मला खोडता येत नाही, आणि तो कथनाचाच आहे. गावच्या नाटकात दुकानदार खलनायक झाला की लोक एकाच वेळी दोन माणसं पाहायची. त्यानं नायिकेची जमीन लुबाडली की मागून कोणीतरी ओरडायचं, ‘मायी उधारी बी अशीच लिवतेस का रे!’ आणि सगळा शामियाना हसायचा. कथानक वहीतलं, नाट्य मात्र गावातलं. कंपनीचा खलनायक काल सिंदेवाहीला होता, उद्या आरमोरीला असेल. त्याच्या मागे गावाची गोष्ट नाही. म्हणून ती पोकळी संहितेनं भरून काढावी लागली. दुःख मोठं झालं, खलनायक जास्त काळा झाला आणि माइकखाली उभं राहून फेकायची वाक्यं वाढली.

रोज नवं गाव म्हटल्यावर तालीम थोडी आणि भिस्त प्रॉम्प्टरवर. त्यामुळे वाक्य असं लिहिलं जाऊ लागलं की ते विंगेतून एका दमात पोचवता यावं. भाषेचीही वाटणी पक्की होत गेली. नायक-नायिका पुस्तकी मराठीत रडतात, विनोदी जोडी झाडीबोलीत बोलते. ‘डोळा’ म्हणणाऱ्याचं दुःख खरं आणि ‘डोरा’ म्हणणाऱ्याचं हसण्यावारी, असं यातून निघतं. हे मला कधीच आवडलं नाही. पण प्रेक्षक घरी जाताना ज्याची वाक्यं म्हणत जातो तो दुसरा असतो, हेही खरं.

अलीकडचं बरंच नाटकाबाहेर घडलं. मंडईखेरीज नाटकाचा मोठा आधार शंकरपट. आमच्याकडे ‘पटाले चाललो’ म्हटलं तर बैलांच्या शर्यतीला, चित्रपटाला नव्हे. दिवसा पट, रात्री नाटक, मधल्या वेळात सोयरिकीची बोलणी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या आणि ज्या गावांत पटाच्या गर्दीवरच तिकिटं खपायची तिथली नाटकं अडचणीत आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली, १८ मे २०२३ च्या निकालानं ती कायम झाली. मधे करोनानं आख्खा हंगाम खाल्ला. बैलांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त त्या निकालाच्या चर्चेत पेटीवाल्याचा विषय कुठेच नव्हता.

२०२३ सालीच इथल्या एका ज्येष्ठ नटाला पद्मश्री मिळाली. त्यानंतर बाहेरचे कॅमेरे वाढले. माहितीपट करणारे येतात आणि रात्रभराचं नाटक काही मिनिटांत बसवतात. त्यात रंगपट असतो, रंग लावणारा हात असतो, पहाटेचं धुकं असतं, कथानक नसतंच. आणि रस्त्याचा पडदा आता पूर्वीइतका लागत नाही. दिवे आहेत, अंधार करता येतो, काही कंपन्यांकडे मागे एलईडीचा पडदा आहे, जंगलाचं घर एका बटणावर होतं.

तरी दसऱ्याच्या सुमारास मंडळाची पोरं वडशाला तारीख घ्यायला जातात तेव्हा पाटीखाली बसून पहिला प्रश्न विचारतात, ‘इस्टोरी कशी हाये?’ कंपनीवाला सांगायला लागतो. त्याचा पहिला अंक संपायच्या आत दुसरा प्रश्न येतो, ‘ते राहू दे भाऊ, कॉमेडीले कोन हाये?’