खरेदी करताना पेय सोबत बाळगणे

बाहेरून कपात भरून घेतलेला चहा, कॉफी, सरबत किंवा बबल टी हातात घेऊन दुकानांत फिरण्याची रीत आणि तिच्याशी निगडित शिष्टाचार. बहुतेक ठिकाणी याबाबतचा लिखित नियम दारावरच्या एका चित्रात संपतो: कपाचे चित्र आणि त्यावर लाल तिरपी रेघ. जिथे ती रेघ नसते तिथे सगळे ग्राहकाच्या तारतम्यावर सोडलेले असते, आणि प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या तारतम्याविषयी आहे.

खरेदी हे दोन हातांचे काम आहे. हँगर सरकवायचा, कापडाचा पोत बघायचा, खालच्या फळीवरचा डबा ओढायचा, पाकिटातून पैसे काढायचे, यांपैकी काहीही एका हाताने नीट होत नाही. हातात कप असला की प्रत्येक वेळी तो ‘जरासा’ कुठेतरी टेकवला जातो. पेय सांडते ते बहुधा या टेकवण्या-उचलण्यात, आणि कप विसरला जातो तोही तिथेच. म्हणून दारातून आत शिरण्याआधी एकच गोष्ट ठरवावी लागते: दोन्ही हात लागतील तेव्हा कप कुठे जाईल? सोबतच्या माणसाच्या हातात, ट्रॉलीच्या कपधारकात, खांद्याला अडकवलेल्या कपाच्या पट्ट्यात, काहीही चालेल. उत्तर सापडत नसेल तर पेय बाहेरच संपवलेले बरे.

पार्श्वभूमी

एकदा वापरून टाकायचा कागदी कप चालता-चालता पिण्यासाठी निघालेला नाही. बॉस्टनचे लॉरेन्स लुएलेन यांनी १९०७ च्या सुमारास तो तयार केला तो आरोग्यासाठी. त्या काळी सार्वजनिक ठिकाणी साखळीला बांधलेल्या एकाच पेल्याने सगळे पाणी पीत आणि त्यातून रोग पसरत. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने अशा सामाईक पेल्यावर १९०९ मध्ये बंदी घातली आणि कागदी कपाला मागणी आली. गरम पेय घेऊन चालणे सोयीचे झाले ते बऱ्याच उशिरा. सपाट झाकणाचा तुकडा फाडून पिण्याची तोवरची पद्धत गैरसोयीची होती. मध्ये उंचवटा असलेले आणि ओठांना कड मिळेल असे ‘सोलो ट्रॅव्हलर’ झाकण १९८० च्या दशकात आले आणि पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही ते आपल्या संग्रहात घेतले. बोटे भाजू नयेत म्हणून कपाभोवती घालायची पुठ्ठ्याची पट्टी जे सोरेनसन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली. झाकण आणि पट्टी या दोन वस्तूंनी कप दुकानाच्या आतपर्यंत पोहोचवला, असे म्हणायला हरकत नाही.

पेय का हिंदकळते

कपातल्या द्रवाला स्वतःची एक लय असते. नेहमीच्या आकाराच्या कपात तो सेकंदाला सुमारे तीन-चार वेळा मागे-पुढे डुलतो. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन पावले टाकतो, पण पावलागणिक बसणाऱ्या बारीक हिसक्यांत याहून जलद कंपनेही असतात आणि ती द्रवाच्या लयीशी जुळली की लाट वाढत जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील एच. सी. मायर आणि आर. क्रेचेट्निकोव्ह यांनी २०१२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात हे मोजून मांडले. त्याच वर्षी त्यांना द्रवगतिकीचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिकही मिळाले. विषय हसण्यासारखा वाटला तरी निष्कर्ष कामाचे आहेत: एकदम वेगाने निघू नये, सावकाश वेग घ्यावा आणि अधूनमधून कपाकडे लक्ष ठेवावे. दुकानात नेमके उलटे होते. नजर फळ्यांवर असते, काहीतरी आवडते, पाय थबकतात, अंग वळते. आणि द्रवाला सर्वांत मोठा हेलकावा बसतो तो अशा अचानक थांबण्यात आणि वळण्यात.

फेस असलेले पेय कमी हिंदकळते. बुडबुड्यांचे पाचेक थर असले तरी कपाच्या कडेशी होणाऱ्या घर्षणाने लाट विरते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. त्यामुळे फेसाळ दुधाची कॉफी नेणे कोऱ्या चहापेक्षा सोपे जाते. तसेच पेय काठोकाठ भरू न देता वर दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडायला सांगावी. घोटभर पेय कमी मिळते, पण झाकणाच्या छिद्रातून उडणारे थेंब जवळजवळ थांबतात.

कप वरून पाच बोटांच्या पकडीत लोंबता धरला तर हिसके मनगटात जिरतात. दक्षिण कोरियाच्या जिवोन हान यांना कप नेण्याविषयीच्या अभ्यासासाठी २०१७ चे इग नोबेल मिळाले, त्यात ही पकड होती. मात्र ती फक्त थंड आणि पक्के झाकण असलेल्या कपाला वापरावी. गरम कपाच्या झाकणातून येणारी वाफ थेट तळहातावर बसते, शिवाय झाकण निसटले तर कप तसाच खाली जातो. गरम कप पुठ्ठ्याच्या पट्टीवरच धरावा. कागदी कप मधोमध दाबला गेला तर त्याचे तोंड लंबगोल होते आणि झाकणाची पकड सुटते. म्हणून पकड पक्की हवी, पण आवळलेली नको.

आत शिरण्यापूर्वीची तयारी

साखर घालणे, ढवळणे, दूध ओतणे हे सगळे पेय घेतले त्याच काउंटरवर उरकावे. झाकण काढण्या-लावण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. १९९२ मध्ये अमेरिकेतील अल्बुकर्की येथे स्टेला लीबेक यांच्या मांडीवर कॉफी सांडली ती झाकण काढताना. त्यांना खोलवर भाजले आणि पुढे त्यांनी कॉफी विकणाऱ्या मॅकडोनाल्ड्स कंपनीवर भरलेला खटला जगभर गाजला. ती कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला दिली जात होती, हे त्या खटल्यात पुढे आले.

झाकण लावताना एका बाजूने सुरुवात करून दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेने दाबत जावे. कड बसल्याचा हलका आवाज येतो किंवा बोटाला जाणवतो. पिण्याचे छिद्र कपाच्या उभ्या जोडावर येऊ देऊ नये. तिथे कागद दुहेरी असल्याने काठाला बारीक पायरी पडते, झाकण पूर्ण टेकत नाही, आणि कप ओठाला लावून तिरपा केला की त्या फटीतून ओघळ थेट हनुवटीवर येतो. झाकण गळके आहे अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा ते फक्त फिरवून लावायचे असते. छिद्रात बसणारी छोटी खुंटी मिळत असेल तर मागून घ्यावी. शेवटी कचरापेटीवर कप थोडा तिरपा करून बघावा आणि बाहेरचे थेंब पुसावेत.

थंड पेयाची अडचण वेगळी. हवा २५ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर सुमारे १७ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमते. बर्फ घातलेला कप त्याहून कितीतरी थंड असतो, त्यामुळे झाकण कितीही पक्के असले तरी कपाला बाहेरून पाणी सुटतेच. हे पाणी काचेच्या काउंटरवर वर्तुळे उमटवते, पुस्तकाच्या वेष्टनावर ठिबकते आणि कागदी पिशवीचा तळ मऊ करते. पिशवी फाटते ती मग रस्त्यात. कपाला कोरडा कागदी रुमाल गुंडाळावा आणि तो भिजला की बदलावा. स्ट्रॉ उभी असेल तर कप छातीशी धरून वाकू नये. ती डोळ्यात जाऊ शकते, किंवा शेजारच्याच्या बाहीला अडकून झाकणासकट निघते.

एकाहून अधिक कप असतील तर कागदाच्या लगद्याचा ट्रे घ्यावा. चार खाचांच्या ट्रेमध्ये दोनच कप असतील तर ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवावेत, म्हणजे तोल मध्यावर राहतो. ट्रे कोरडा असेपर्यंतच भक्कम असतो, आणि एका हातात ट्रे घेऊन खरेदी करणे हा प्रकार मुळातच टाळण्याजोगा आहे.

कोणत्या दुकानात काय

कापडाच्या दुकानात नुकसान झटकन होते आणि भरून निघत नाही. नवा कपडा धुऊन पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही. दूध आणि साखर असलेला डाग वरवर वाळला तरी कडक पडतो, आणि रेशमावर तर साध्या पाण्याचीही कड उठते. ट्रायल रूममध्ये कप नेऊच नये. आत एक अरुंद बाक असतो, त्यावर कपडे पडतात, म्हणून कप जमिनीवर जातो. मग विजारीत पाय घालताना टाच त्याला लागते. पातळ भिंतीखालून ओघळ शेजारच्या खोलीत पोहोचला की माफी दोन ठिकाणी मागावी लागते.

पुस्तकांच्या दुकानात प्रश्न कागदाचा असतो. साधा कागद भिजला की सुरकुततो आणि वाळल्यावरही सपाट होत नाही. छायाचित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत कागद याहून वाईट वागतो: ओली पाने वाळताना एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेले की छपाई निघून येते. पुस्तकांच्या ज्या दुकानांत कॅफे असतो तिथेही न विकत घेतलेली पुस्तके टेबलावर चालतील का, हे विचारून घ्यावे. चालत असतील तरी कप आणि पुस्तक यांच्यात हातभर अंतर असावे.

विजेच्या उपकरणांच्या दुकानात साखरेचे पेय पाण्याहून त्रासदायक ठरते. ते वाळल्यावर मागे चिकट थर उरतो, कळा अडकतात आणि जोडण्या गंजतात. दागिने आणि काचसामानाच्या दुकानांत कप सोबत नेऊच नये. सोफा, गाद्या, गालिचे यांच्या दुकानात बसून बघण्याचा मोह होतो. बसण्याआधी कप दुसऱ्याकडे द्यावा. किराणा आणि भाजीच्या दुकानांत सहसा हरकत नसते, पण उघड्या मालावरून कप फिरवू नये आणि तो वजनकाट्यावर टेकवू नये. दुकानात तेच पेय विकत मिळत असेल तर बाहेरून आणलेल्या बाटलीची पावती जवळ ठेवावी किंवा शिरतानाच कर्मचाऱ्याला दाखवावी. बाहेर पडताना खुलासे करण्यापेक्षा हे सोपे पडते.

गर्दी, जिने, लहान मुले

मोठ्या माणसाने कप घेतलेला हात खाली सोडला की कप नेमका लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो. गर्दीत लोक हात खाली सोडूनच चालतात, कारण तसे सोयीचे वाटते. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेला साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजू शकते, ७० अंशांचे एखाद्या सेकंदात. मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना याहून कमी वेळ पुरतो. गरम पेये बहुधा या तापमानाच्या वरच दिली जातात. म्हणून गर्दीत कप छातीच्या उंचीवर, अंगाजवळ, कोपर दुमडून धरावा. ट्रॉलीतल्या मुलाच्या बैठकीत किंवा तिच्या शेजारी गरम कप कधीही ठेवू नये, आणि कडेवर मूल असताना गरम पेय घेऊच नये.

सरकत्या जिन्यावर एक हात कठड्यावर हवा. पिशवी आणि कप दोन्ही असतील तर लिफ्ट बरी. लिफ्टमध्ये घोट घेत बसू नये. मागून कोणी बाहेर निघाला की धक्का बसतोच. ट्रॉलीला कपधारक नसेल तर सामानाच्या जाळीत कप उभा करण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो, कारण जाळीच्या तारांवर बूड सपाट टेकत नाही आणि फरशीच्या प्रत्येक सांध्याला चाके दणका देतात.

बिल करताना कप सरकपट्ट्यावर ठेवू नये. पट्टा झटक्याने थांबतो, आणि त्याखालच्या यंत्रात गेलेले पेय साफ करायला रांगच बंद करावी लागते. पैसे आधीच काढून ठेवावेत, म्हणजे रांगेतल्या माणसांना कप, पाकीट आणि पिशवी यांची कसरत बघत थांबावे लागत नाही. पावतीवर गरम पेय सांडू देऊ नये: थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो, आणि हमीची पावती असेल तर तीच वाचता येईनाशी होते.

सांडल्यास

भाजले असेल तर आधी माणूस, मग माल. भिजलेला कपडा दूर करावा, भाजलेली जागा २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. बर्फ किंवा मलम लावू नये, आणि त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये. फोड आले असतील किंवा भाजलेले मूल असेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

फरशीवर सांडले असेल तर जागा सोडून कर्मचाऱ्याला शोधायला जाऊ नये. गुळगुळीत फरशीवर कोरा चहा दिसतही नाही आणि मागून येणारा घसरतो. तिथेच उभे राहावे, ट्रॉली आडवी लावावी आणि दुसऱ्या कोणाला तरी निरोप द्यायला सांगावे. खिशातल्या रुमालाने पुसल्यास पाणी फक्त पसरते. मालावर सांडले असेल तर कोरड्या कागदाने टिपावे, चोळू नये, आणि लगेच सांगावे. भरपाई मागायची की नाही हे दुकान ठरवेल. डाग पडलेली वस्तू घडी करून चळतीच्या तळाशी सरकवणे हा या सगळ्यातला सर्वांत हलका प्रकार, कारण ओल तिथून वरच्या-खालच्या वस्तूंतही उतरते.

रिकामा कप आणि दुकानदाराची बाजू

कर्मचाऱ्यांना सर्वांत जास्त वैताग येतो तो फळीवर, बुटांच्या खोक्यामागे किंवा कुंडीत सोडून दिलेल्या अर्धवट कपांचा. टाकताना उरलेले पेय व बर्फ आधी ओतावा. भरलेला कप पेटीत टाकला तर पिशवीचा तळ गळतो. कागदी कपाला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दी कागदात टाकू नये. झाकण व पुठ्ठ्याची पट्टी वेगळी करावी.

दुकानदारांनी दाराशी कप ठेवायला फळी देण्याची कल्पना चांगली वाटते, पण सारखे दिसणारे कप अदलाबदल होतात आणि नजरेआड राहिलेले पेय पिणे सुरक्षितही नाही. द्रव ओतण्याची जाळी असलेली कचरापेटी दाराबाहेर ठेवणे जास्त उपयोगी ठरते. नियम कडक असला तरी झाकणाची पाण्याची बाटली, बाळाचे दूध आणि मधुमेह असलेल्यांना साखर उतरल्यास लागणारे गोड पेय यांना मुभा असावी. अशा व्यक्तीला आजाराचा पुरावा मागू नये आणि चारचौघांत कारणही विचारू नये.