तीन, चार की एक? फेरे मोजताना चुकणारा हिशोब

मे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेजप्रवेश परीक्षेत भूमितीचा एक प्रश्न आला. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेने न घसरता गडगडत जातं. त्याचा मध्य पहिल्यांदा मूळ जागी येईपर्यंत त्याची किती ‘रिव्हॉल्यूशन्स’ होतील? पर्याय पाच होते: दीड, तीन, सहा, साडेचार आणि नऊ. परीघ तिप्पट आहे, म्हणजे उत्तर तीन, असं प्रश्न काढणाऱ्यांनी गृहीत धरलं. बरोबर उत्तर आहे चार, आणि ते पर्यायांत नव्हतंच. सुमारे तीन लाख मुलांनी पेपर दिला होता, चूक पत्राने कळवली ती फक्त तिघांनी. तो प्रश्न बाद करून गुण पुन्हा काढावे लागले.

चार कसे, हे हाताने करून बघितल्याशिवाय पटत नाही. पाण्याच्या बाटलीची दोन सारखी बुचं घ्या. बुचाला खाली सुटी कडी लोंबत असेल तर ती आधी काढा, नाहीतर दात्यांऐवजी कड्याच एकमेकींना घासतात. एक बूच टेबलावर दुहेरी टेपने पक्कं चिकटवा. दुसऱ्यावर पेनाने बाण काढा आणि ते चिकटवलेल्या बुचाच्या वरच्या बाजूला, बाणाचं टोक तुमच्यापासून दूर करून ठेवा. आता ते कडेकडेने फिरवत न्या. परीघ सारखेच आहेत, तेव्हा पूर्ण चक्कर झाल्यावरच बाण सरळ व्हायला हवा. प्रत्यक्षात बूच अर्ध्या वाटेवर, खालच्या बाजूला पोचलं की बाण पुन्हा सरळ उभा! पूर्ण चकरेत एक नव्हे, दोन फेरे होतात. हा प्रयोग गुळगुळीत कडेच्या नाण्यांवर करू नये. नाणं घसरतं, फेरे कमी भरतात, आणि मग ‘जवळपास दीड’ असं काहीतरी हाती लागतं.

आता तेच बूच न गडगडवता न्या. बाणाच्या शेपटाकडचा एकच दाता सतत चिकटवलेल्या बुचाला टेकलेला राहील असं घसरवत गोल फिरवा. गडगडणं शून्य, तरीही बाण एकदा पूर्ण फिरतो. जास्तीचा फेरा येतो तो इथून. वाकड्या वाटेने जाताना वाटच बुचाला वळवत असते. सरळ पट्टीवर तेवढंच अंतर कापलं असतं तर परीक्षेतल्या वर्तुळाचे तीन फेरे झाले असते. वाट गोल आहे, म्हणून त्यात एक मिळवायचा. तेच लहान वर्तुळ मोठ्याच्या आतून फिरवलं तर वाटेचं वळण उलट्या दिशेचं असतं, म्हणून एक वजा होतो आणि फेरे दोनच भरतात. सूत्रात मांडायचं तर गडगडणाऱ्या चाकाचा मध्य किती अंतर चालला ते मोजावं आणि चाकाच्या परिघाने भागावं. बाहेरून जाताना मध्याच्या वाटेची त्रिज्या ३ + १ म्हणजे ४, आतून जाताना ३ – १ म्हणजे २.

या घोळात इंग्रजी शब्दाचाही हात आहे. खगोलशास्त्रात रोटेशन म्हणजे स्वतःच्या अक्षाभोवती फिरणं आणि रिव्हॉल्यूशन म्हणजे दुसऱ्याभोवती प्रदक्षिणा. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतले परिवलन आणि परिभ्रमण ते हेच. हा काटेकोर अर्थ घेतला तर परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर निघतं एक! कारण लहान वर्तुळाने मोठ्याभोवती चक्कर एकच मारली. मात्र वर्कशॉपमध्ये हा भेद कोणी पाळत नाही. गाडीच्या आरपीएममधला आर रिव्हॉल्यूशनचा आहे आणि इंजिनातली मुख्य फिरती दांडी, म्हणजे क्रँकशाफ्ट, मात्र आपल्याच अक्षाभोवती फिरते. तेव्हा शब्दावर विसंबण्यापेक्षा दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: अक्ष कुठे आहे, आणि फेरा कशाच्या सापेक्ष मोजला? खोलीच्या भिंतींच्या सापेक्ष चार. मोठ्या वर्तुळाच्या मध्यावर बसून, लहान वर्तुळाकडे तोंड ठेवत मोजलं तर तीन. जत्रेतल्या आकाशपाळण्यात याचं दुसरं टोक दिसतं. पाळणा चाकाबरोबर पूर्ण चक्कर मारतो, पण आपली डोकी कायम वर. परिभ्रमण एक, परिवलन शून्य.

पृथ्वीच्या बाबतीत हा एक फेरा आपण रोज थोडा थोडा फेडत असतो. सूर्याच्या सापेक्ष वर्षात ३६५.२४ दिवस होतात, ताऱ्यांच्या सापेक्ष पृथ्वी ३६६.२४ वेळा फिरते. म्हणून तिचा खरा फेरा २४ तासांचा नसून २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा आहे. उरलेली जवळपास चार मिनिटं सूर्याला पुन्हा गाठण्यात जातात, कारण दरम्यान पृथ्वी कक्षेत सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. आज रात्री ९ वाजता उगवलेला तारा महिन्याभराने ७ वाजताच उगवतो तो याच हिशोबाने. दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणाऱ्या मोटरला २४ तासांची गती दिली तर तासाभरात तारा सुमारे अडीच कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो आणि फोटोत ठिपक्याऐवजी रेघ उमटते.

चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो, म्हणून तो स्वतःभोवती फिरत नाही असं सर्रास म्हटलं जातं. तो न गडगडता घसरवत नेलेल्या बुचासारखा वागतो. पृथ्वीच्या सापेक्ष शून्य फेरे, ताऱ्यांच्या सापेक्ष २७.३२ दिवसांत एक. सूर्याच्या सापेक्ष मोजलं तर २९.५३ दिवस, म्हणजे चंद्रावर ऊन साधारण पावणेपंधरा दिवस टिकतं. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला, उतरायच्या जागी दिवस सुरू होत असताना उतरवला तो त्यामुळेच. सौरपट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांना तेवढेच दिवस कामाचे होते.

शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे एक वजा न करता मिळवावा लागतो. त्याचा ताऱ्यांच्या सापेक्ष फेरा २४३ दिवसांचा, वर्ष २२४.७ दिवसांचं, आणि तरीही तिथला सूर्योदय ते सूर्योदय काळ जेमतेम ११७ दिवसांचा.

यंत्रात या ‘अधिक एक’चा सरळ फायदा घेता येतो. क्रँकच्या, म्हणजे दट्ट्याची ये-जा गोल फिरण्यात बदलणाऱ्या वाकड्या दांड्याच्या, वापरावर दुसऱ्याचं पेटंट होतं, म्हणून जेम्स वॉटने १७८१ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी ‘सन अँड प्लॅनेट’ गिअरचं पेटंट घेतलं. दांड्याला घट्ट बसवलेलं दातेरी चाक स्वतःभोवती न फिरता शाफ्टच्या चाकाभोवती चक्कर मारायचं. दोन्हींचे दाते सारखे असले तर अशा एका चकरेत शाफ्ट दोनदा फिरायची.

आजच्या कॉर्डलेस ड्रिलमध्येही प्लॅनेटरी गिअरच असतो आणि त्याचं गुणोत्तर काढताना हमखास चूक होते. समजा मधल्या सन गिअरला १२ दाते आहेत, बाहेरच्या रिंगला ४८ आणि तीन प्लॅनेट गिअरना प्रत्येकी १८. रिंग स्थिर आहे, मोटर सनला जोडलेली आहे आणि काम कॅरियरकडून, म्हणजे प्लॅनेट गिअर ज्यावर बसवलेले असतात त्या चौकटीकडून, घ्यायचं आहे. ४८ भागिले १२ म्हणून ४:१ लिहिलं की ड्रिलचा वेग अंदाजापेक्षा २० टक्के कमी भरतो. हिशोब दोन टप्प्यांत करावा. आधी सगळे गिअर एकत्र जाम केलेत असं धरून सगळ्यांना एक फेरा द्या: सन १, रिंग १, कॅरियर १. मग कॅरियर धरून ठेवून रिंग एक फेरा मागे फिरवा, त्यात सन चार फेरे पुढे जातो. बेरीज करा: रिंग ०, कॅरियर १, सन ५. गुणोत्तर ५:१. पहिला टप्पा म्हणजे बूच न गडगडवता नुसतं फिरवत नेणं, दुसरा म्हणजे जागच्या जागी गडगडवणं.