कोणता कॅप्टन मार्व्हल?

‘मला कॅप्टन मार्व्हल आवडतो’ असं कुणी म्हणालं, की कॉलेज रोडवरच्या आमच्या कॉमिकवेड्या कंपूत लगेच उलटा प्रश्न येतो: कोणता? छातीवर वीजवाला की छातीवर तारावाला? २०१९ मध्ये तर कहर झाला. मार्चमध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ लागला, एप्रिलमध्ये ‘शझाम’. या दुसऱ्या सिनेमातल्या नायकाचं मूळ नावच कॅप्टन मार्व्हल, हे समजावून सांगेपर्यंत टपरीवरचा चहा निवायचा.

वीजवाला थोरला. फॉसेट या प्रकाशनाच्या ‘व्हिझ कॉमिक्स’मध्ये, फेब्रुवारी १९४० च्या अंकात तो अवतरला, लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक. बिली बॅटसन हा अनाथ पोरगा ‘शझाम’ म्हणतो, वीज कोसळते आणि त्याच्या जागी धिप्पाड गडी उभा राहतो. सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलिसचं बळ, ॲटलासचा दम, झ्यूसची सत्ता, अकिलीसचं धैर्य, मर्क्युरीचा वेग. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की मंत्र तयार. चाळीसच्या दशकात एक काळ असा होता की तो सुपरमॅनपेक्षा जास्त खपत होता. मग सुपरमॅनच्या मालकांनी ‘ही नक्कल आहे’ म्हणून कोर्टात खेचलं. अखेर १९५३ मध्ये फॉसेटने तडजोड केली आणि कॅप्टनचे अंक थांबवले.

नकलेचा आरोप मला अर्धाच पटतो. ताकद, झगा, उडणं, सगळं कबूल. पण सुपरमॅन हा साधा माणूस असल्याचं सोंग करणारा मोठा माणूस. बिली खरोखरच लहान मूल. शिवाय ज्या मालिकेतला महाखलनायक चष्मा लावलेला एवढासा किडा निघतो, त्या मालिकेचा मिजासच वेगळा.

नाव असं मोकळं पडलेलं पाहून १९६७ मध्ये मार्व्हल कंपनीने ते उचललं. स्टॅन ली आणि जीन कोलन यांचा हा नायक मार-व्हेल, क्री या परग्रहवासी जमातीचा सैनिक, पृथ्वीवर हेरगिरीला आलेला. खरं सांगायचं तर सुरुवातीचे अंक रटाळ आहेत. नाव आधी, पात्र नंतर, हे जाणवतं. १९६९ मध्ये गोंधळात भर पडली. रिक जोन्स हा तरुण मनगटावरची कडी एकमेकांवर आपटतो आणि त्याच्या जागी कॅप्टन येतो! म्हणजे बिलीचीच युक्ती, मंत्राऐवजी कडी.

ट्रेडमार्क वापरात नसेल तर हातचा जातो. म्हणून १९८२ मध्ये लेखक-चित्रकार जिम स्टारलिनने मार-व्हेलला कर्करोगाने मारलं, तरी नाव मरू दिलं नाही. त्याच वर्षी ते मोनिका रॅम्बो या नव्या नायिकेकडे गेलं, पुढे आणखी काहींकडे, आणि २०१२ मध्ये कॅरल डॅन्व्हर्सकडे. ती १९६८ पासून कथेत होतीच. सिनेमात दिसते ती हीच.

इकडे डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्याच मालक कंपनीने, १९७२ मध्ये थोरल्याचे हक्क मिळवले, पण ट्रेडमार्क मार्व्हलकडे असल्याने मुखपृष्ठावर त्याचं नाव छापायची सोय उरली नव्हती. म्हणून १९७३ मध्ये मासिक निघालं ते ‘शझाम’ या नावाने. एकाच नावाच्या दोन मिसळवाल्यांपैकी एकाने ‘मूळ’ अशी पाटी लावावी, तसं ‘मूळ कॅप्टन मार्व्हल’ असंही लिहून झालं. मार्व्हलने हरकत घेतल्यावर तेही काढावं लागलं. आतल्या पानांवर मात्र सगळे त्याला कॅप्टन मार्व्हलच म्हणत. २०११ नंतर डीसीने तोही नाद सोडला आणि नायकाचंच नाव शझाम केलं.

तेव्हा रद्दीवाल्याकडे जुना अंक हाती लागला तर वरच्या नावावर विसंबू नका. विजेचं चिन्ह आणि आखूड पांढरा झगा असेल तर बिली. तारा असेल तर मार-व्हेल किंवा कॅरल. नव्याने वाचणाऱ्याला मी मार-व्हेलच्या मृत्यूचं पुस्तक आधी देतो, कारण महानायक आजारपणाने हरतो ही गोष्ट तिथे विनाकांगावा सांगितली आहे. पण घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल, तर बेकच्या स्वच्छ रेघेतला बिलीच द्या.