पुरुषांची रॉकबिली वेशशैली

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९५४ नंतरच्या चार-पाच वर्षांत बहरलेल्या रॉकबिली संगीताच्या (कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि ग्रामीण गोऱ्यांचे कंट्री संगीत यांच्या मिश्रणातून निघालेला रॉक अँड रोलचा प्रकार) गायकांच्या व श्रोत्यांच्या पेहरावावरून घडलेली, आणि १९७० नंतर इंग्लंड, जपान व युरोपातील चाहत्यांनी नव्याने जुळवलेली पुरुषांची वेशभूषा व केशरचना. पोमेड (केस बसवण्याचे मेणचट मलम) लावून वर चढवलेला केसांचा कोंबडा, लांब कल्ले, पायाशी दुमडलेली जीन किंवा उंच कमरेची चुण्यांची पँट, टिचबटणांचा शर्ट वा दुरंगी जाकीट आणि जाड तळाचे बूट यांवरून ती ओळखली जाते. मात्र हा सगळा थाट १९५० च्या दशकातील एखाद्या गायकाच्या अंगावर एकाच वेळी क्वचितच दिसला असता. मेम्फिसमधील कृष्णवर्णीय वस्तीच्या बाजारपेठेतले शौकीन कपडे, गुराख्यांचे शर्ट, कष्टकऱ्यांची जीन, मोटारसायकलस्वारांचे कातडी जाकीट आणि लंडनच्या टेडी बॉईज या कामगारवस्तीतील शौकीन तरुणांचे बूट अशा ठिकठिकाणच्या गोष्टी तीत मागाहून एकत्र आल्या.

या शैलीचा एक जुना व सर्वांत दुर्लक्षित धागा टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराच्या बील स्ट्रीटवर सापडतो. तेथे लॅन्स्की बंधूंनी १९४६ मध्ये दुकान थाटले. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला लष्करी माल विकण्यापासून सुरुवात करून ते लवकरच पुरुषांच्या भडक, फॅशनेबल कपड्यांकडे वळले. त्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते आणि त्यांत ब्लूज वाजवणारे कलावंतही होते. वर्णभेद कायद्यानेच पाळला जात असलेल्या त्या शहरात पुढे गायक म्हणून गाजलेले एल्विस प्रेस्ली हे चित्रपटगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत असताना या दुकानाच्या काचेतले कपडे न्याहाळत असत. जुलै १९५४ मध्ये सॅम फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्स कंपनीने प्रेस्ली यांची पहिली तबकडी काढली. त्यानंतरच्या काळात ते या दुकानाचे सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक ठरले. गुलाबी आणि काळा ही त्यांची आवडती रंगजोडी तेथूनच आलेली. गोऱ्या मध्यमवर्गाला जो पोशाख बटबटीत वाटे, तोच प्रेस्लींसारख्या तरुणांना हवा होता, आणि तो कुठे मिळतो हे त्यांना नेमके ठाऊक होते.

त्या काळातील छायाचित्रे पाहिली, तर सन रेकॉर्ड्सचे गायक जीन आणि कातडी जाकिटात फारसे दिसत नाहीत. त्यांच्या अंगात खांद्याला रुंद आणि घोळदार असे सैल कोट असतात. पँट बेंबीच्या आसपास बसणारी, पुढे चुण्या घातलेली, मांडीत ऐसपैस आणि मोहरीला निमुळती होत गेलेली असते. काही पँटींच्या बाजूच्या शिवणीवर वेगळ्या रंगाची पट्टी असते. शर्टासाठी रेयॉनचे तिरप्या विणीचे गॅबर्डिन पसंत केले जाई, कारण ते अंगावर सुळसुळीत पडते आणि त्यावर रंग खुलतो. पुढचे पल्ले एका रंगाचे, बाह्या व पाठ दुसऱ्या रंगाची अशी आखूड जाकिटेही याच काळातली. पट्टा जेमतेम इंचभर रुंद असे व त्याचे बक्कल पोटावर न ठेवता कुशीकडे सरकवले जाई. गिटारच्या पाठीला ओरखडे पडू नयेत म्हणून ही पद्धत पडली, असे सांगितले जाते. गिटारला हातही न लावणारे शौकीन आजही ती पाळतात.

गुराख्यांच्या पोशाखाचा वारसा कंट्री संगीतातून आला. खांद्यावर व पाठीवर टोकदार तुकडे जोडलेला, खिशांना नक्षीदार झाकणे असलेला आणि काजे-गुंड्यांऐवजी टिचबटणे लावलेला शर्ट हा त्यातला मुख्य कपडा होय. असे शर्ट लोकप्रिय करण्यात डेन्व्हरमधील रॉकमाउंट या कंपनीचा मोठा वाटा आहे. जॅक वाइल यांनी १९४६ मध्ये ती स्थापन केली. शर्ट कुठे अडकला, तर टिचबटण पटकन सुटते आणि कापड फाटत नाही, ही त्याची व्यावहारिक बाजू. याच परंपरेच्या चमचमत्या टोकाला हॉलिवूडचे शिंपी न्यूडी कोन होते. त्यांनी १९५७ मध्ये प्रेस्ली यांच्यासाठी सोनेरी जरीच्या कापडाचा सूट शिवला. रॉकबिलीच्या चाहत्यांनी मात्र ही झगमग रंगमंचापुरतीच ठेवली.

जीनची गोष्ट वेगळी आहे. लेव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या रिव्हेटांनी खिसे पक्के करण्याचे पेटंट १८७३ मध्ये घेतले, तेव्हापासून ही खाण-कामगारांची व गुराख्यांची पँट होती. तिला बंडखोरीचा रंग चढला तो १९५० च्या दशकात मार्लन ब्रँडो व जेम्स डीन यांच्या पडद्यावरील भूमिकांमुळे. ब्रँडो यांच्या अंगावरील तिरक्या चेनचे जाकीट मूळचे मोटारसायकलस्वारांसाठी बनवलेले असून, त्या घडणीचे जाकीट न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये साडेपाच डॉलरला विकायला आणले होते. न आटवलेले डेनिम पहिल्या धुण्यात आखडते, म्हणून पँट लांबीला जास्तच घेतली जाई व उरलेला भाग बाहेरून दुमडला जाई. जुन्या धोट्याच्या मागावर विणलेल्या अरुंद पन्ह्याच्या डेनिमला धोतरासारखाच विणीतला काठ असतो आणि दुमड घातल्यावर तो दिसतो. आजचे दर्दी गिऱ्हाईक हा काठ आधी तपासते आणि मग किंमत विचारते. अशा कापडासाठी सध्या जपानच्या ओकायामा प्रांतातील कोजिमा हा भाग विशेष प्रसिद्ध आहे.

काळ्या कातड्याचा रॉक अँड रोलच्या रंगमंचाशी संबंध घट्ट झाला तो इंग्लंडमध्ये. अमेरिकी गायक जीन व्हिन्सेंट १९५९ च्या अखेरीस तेथे आले, तेव्हा दूरचित्रवाणी निर्माते जॅक गुड यांनी त्यांना नखशिखांत काळे कातडी कपडे चढवले. म्हणजे रॉकबिली गायक म्हणून आज जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्यातला एक मोठा भाग ब्रिटिश दूरचित्रवाणीने रचलेला आहे.

इंग्लंडची स्वतःची देणगी टेडी बॉईजची. महायुद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रोमधील शिंप्यांनी एडवर्ड राजाच्या काळातील कोटांची धाटणी उच्चभ्रूंसाठी पुन्हा आणली. ती कामगारवस्तीतील पोरांनी उचलली आणि उच्चभ्रूंनी तत्काळ सोडून दिली. जवळजवळ गुडघ्यापर्यंत लांब कोट, कॉलरला मखमल, नळीसारखी चुस्त पँट, बुटाच्या नाडीसारखा बारीक टाय आणि जाड क्रेप रबराच्या तळाचे बूट हा त्यांचा वेष होता. हे टेडी बॉईज रॉक अँड रोल इंग्लंडमध्ये पोहोचण्याच्या आधीपासून होते. वेष आधी ठरला आणि संगीत मागून आले.

पुनरुज्जीवनाची लाट १९७० च्या दशकात उसळली. माल्कम मॅकलॅरेन व व्हिव्हियन वेस्टवूड यांनी लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाच्या जागेत १९७१ मध्ये टेडी बॉईजच्या कपड्यांचे दुकान उघडले. पुढे पंक फॅशन याच दुकानातून निघाली. दशकाच्या अखेरीस तरुण चाहते टेडी बॉईजपासून वेगळे झाले आणि लांब कोट टाकून चौकड्यांचे शर्ट, दुमडलेली जीन व सपाट माथ्याचे केस अशा अमेरिकी वळणावर गेले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे स्ट्रे कॅट्स हे त्रिकूट १९८० मध्ये लंडनला आले. त्यांचे प्रमुख ब्रायन सेट्झर यांचा उंच कोंबडा, बिनबाह्यांचे शर्ट आणि गोंदण यांनी या शैलीचे आजचे रूप बऱ्याच अंशी पक्के केले. याच लाटेत अमेरिकी यादवी युद्धातील दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या पक्षाच्या ध्वजाचे चिन्ह जाकिटांवर व बिल्ल्यांवर सर्रास झळकू लागले. अनेकांना तो केवळ बंडाचा झेंडा वाटे. ज्या संगीताचे आणि कपड्यांचे मूळ कृष्णवर्णीय कलावंतांपर्यंत पोहोचते, त्यावर हे चिन्ह मिरवणे हे अज्ञानाचेच लक्षण होते. अलीकडे खुद्द चाहत्यांतूनही त्याला विरोध होतो.

केस हा या शैलीचा प्राण आहे. कपडे साधे असले तरी चालतात, केस चुकले की सगळेच चुकते. बाजूचे केस बेताचे व माथ्यावरचे चार-पाच इंच वाढवलेले ठेवतात. अंघोळीनंतर केस किंचित ओलसर असताना बोटभर पोमेड तळहातांवर चोळून वितळवायचे, ते मागून पुढे मुळांपर्यंत मुरवायचे, मग दोन्ही बाजू कंगव्याने मागे ओढून डोक्याच्या मागच्या भागाच्या मध्यरेषेवर एकमेकींना भिडवायच्या आणि तेथे कंगव्याच्या कडेने उभी रेघ पाडायची. त्यामुळे मागून बदकाच्या शेपटीचा आकार दिसतो. शेवटी पुढचे केस वर उचलून किंचित मागे वळवले, की कोंबडा उभा राहतो. त्यातली एखादी बट कपाळावर मुद्दाम सोडतात. पेट्रोलियम व मेणापासून केलेले पोमेड घट्ट धरते आणि दिवसभरात कितीही वेळा कंगवा फिरवू देते, पण एका धुण्यात निघत नाही. म्हणून आता पाण्याने निघणारे प्रकारही वापरले जातात. प्रेस्ली यांचे नैसर्गिक केस पिंगट होते. त्यांचा तो प्रसिद्ध काळाभोर रंग कलपाचा होता.

इंग्लंडमध्ये या कामी ब्रिलक्रीमही चाले. बर्मिंगहॅममध्ये १९२८ साली निघालेले हे क्रीम भारतातही घरोघरी पोहोचले आणि मुंबईचे यष्टिरक्षक फारुख इंजिनिअर त्याच्या जाहिरातींत झळकले. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत शम्मी कपूर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फुगवलेल्या केसांची व झोकात मान उडवण्याची जी ढब रूढ केली, तिची तुलना प्रेस्ली यांच्याशी होत आली आहे. तथापि महाराष्ट्रात ही नटांच्या अनुकरणाची हौस राहिली, रॉकबिली चाहत्यांचा वेगळा पंथ येथे उभा राहिला नाही.

जपानमध्ये तसा पंथ उभा राहिला. टोकियोच्या हाराजुकू भागातील योयोगी उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी रविवारी काळी कातडी जाकिटे घातलेले नर्तक जमतात. कोंबडा येथे इतका पुढे काढलेला असतो की कपाळावर छज्जाच तयार होतो. डांबरी जमिनीवर तासन्‌तास पाय घासून नाचल्यामुळे फाटलेले बूट ते फेकून देत नाहीत, चिकटपट्टीने गुंडाळून तेच पुन्हा घालतात.

सध्या या पेहरावाचे सर्वांत मोठे प्रदर्शन लास व्हेगास येथे १९९८ पासून दर वसंत ऋतूत भरणाऱ्या रॉकबिली मेळाव्यात दिसते. तेथे अस्सल जुने कपडे आणि नव्याने शिवलेल्या प्रतिकृती शेजारी शेजारी असतात. जुन्या रेयॉनच्या शर्टाला घाम व पाणी सोसत नाही, तो ओला असताना सहज फाटतो आणि धुलाईत आटतो. त्यामुळे नाचायला प्रतिकृती व मिरवायला मूळ कपडा अशी वाटणी जाणकार करतात. खरेदी करताना लेबलावरील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष टेप लावून छाती, खांदा आणि बाहीचे माप घेणे हिताचे ठरते, कारण एवढ्या वर्षांत तो शर्ट कितीदा धुतला गेला हे लेबल सांगत नाही.