लिलावातली मिळकत आणि मागे राहणारा बोजा : पार्श्वभूमी

थकबाकीपोटी विकलेली मिळकत घेणाऱ्याला कोरी मिळते, ही समजूत जुन्या महसूल कायद्यांतून आली आहे. बंगालात 1859च्या अकराव्या कायद्याखाली थकलेल्या साऱ्यासाठी, म्हणजे जमीन महसुलासाठी, विकलेली अख्खी इस्टेट, काही अपवाद सोडता, आधीच्या बोज्यांतून, म्हणजे तिच्यावरच्या गहाणासारख्या देण्यांतून, मोकळी होई. मुंबई इलाख्यात 1879च्या जमीन महसूल संहितेने भेद केला. ज्या जमिनीचा सारा थकला तीच विकली, तर कब्जेदाराने तिच्यावर चढवलेले बोजे गळून पडत. त्याच थकबाकीसाठी त्याची दुसरी मिळकत विकली, तर फक्त त्याचा हक्क आणि हितसंबंध विकला जाई. आज एखादे देणे 'जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे' वसूल होते, तेव्हा लिलाव बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो आणि गहाण जागच्या जागी राहते. तहसील कचेरीतला लिलाव आहे एवढ्यावरून निर्धास्त होणाऱ्याची फसगत इथेच होते.

खरा गुंता 'बोजा' या शब्दाचा आहे. गहाण हा बोजा, यावर वाद नाही. थकलेली घरपट्टी हा बोजा आहे का? 1949च्या महानगरपालिका कायद्याचे कलम 141 ती मिळकतीवरचा पहिला भार, म्हणजे त्या मिळकतीतून सर्वांआधी वसूल व्हायचे देणे, मानते. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 100ला 1929मध्ये जोडलेले परंतुक (अपवादाची अट) सांगते की, दुसऱ्या कायद्यात तसे स्पष्ट म्हटले नसेल तर मोबदला देऊन आणि भाराची माहिती नसताना घेणाऱ्याच्या हातातल्या मिळकतीवर तो बजावता येत नाही. अहमदाबादच्या एका मिळकतीवरून ही दोन कलमे समोरासमोर आली. 1971मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. पालिकेने वर्षानुवर्षे पट्टी साचू दिली असेल असे घेणाऱ्याला वाटण्याचे कारण नव्हते. त्याला माहिती होती असे सरसकट गृहीत धरता येणार नाही, ते प्रत्येक खटल्याच्या वस्तुस्थितीवर ठरेल, असे न्यायालय म्हणाले.

हा निकाल अजूनही ढालीसारखा पुढे केला जातो. आमच्या मते आज ती ढाल पातळ झाली आहे. त्या काळी थकबाकी पालिकेच्या वहीत होती. आता अनेक शहरांत मिळकत क्रमांक टाकला की ती मोबाइलवर दिसते. ज्याने करायला हवी ती चौकशी जाणूनबुजून टाळली, त्याला माहिती होती असेच कायदा धरतो. ती चौकशी जितकी सोपी, तितके 'मला ठाऊक नव्हते' हे म्हणणे अवघड.

कोर्टात न जाता गहाण मिळकत विकण्याची मुभा बँकांना देणारा 2002चा सरफेसी कायदा आल्यावर लिलाव बँकांच्या हातात गेले आणि 'जसे आहे, जेथे आहे, जे आहे ते' ही ओळ रूढ झाली. नियमांनुसार बँकेला फक्त तिला ज्ञात असलेले बोजे जाहीर करायचे असतात. म्हणून जाहिरातीतल्या 'निरंक' या शब्दाचा अर्थ 'बँकेला ठाऊक नाही' एवढाच घ्यावा. वेळही कमी मिळतो : पहिल्या विक्रीआधी 30 दिवसांची नोटीस, फेरलिलावाला 15 दिवसांची. बोली लागली की 25 टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी आणि उरलेले 75 टक्के सर्वसाधारणपणे 15 दिवसांत. चुकले तर भरलेली रक्कम जप्त. शोध बोलीआधीच पुरा व्हायला हवा, तो यासाठी.

निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, तीस वर्षांची पाहण्याचा रिवाज आहे, पण तिला भोके आहेत. मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना दाखल करण्याची सक्ती महाराष्ट्रात 1 एप्रिल 2013पासून आहे. त्याआधीचे असे गहाण सूचीत बहुधा सापडत नाही. कर खात्याची जप्तीही तिथे दिसेल याची खात्री नसते. ती सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात किंवा मालमत्ता पत्रकावर (सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर) शोधावी. सिटी सर्व्हे झालेल्या भागात दोन्ही उतारे चालू राहिलेले असतात आणि बोजा एकावरच चढलेला असतो, म्हणून दोन्ही काढावेत. जमिनींचे एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आलेल्या गावात जुन्या सर्व्हे नंबरचे फेरफारही पाहावेत. नुसत्या गट नंबरावर शोधले तर मागची नोंद निसटते.

2011पासून 'सरसाई' ही बँकांकडच्या गहाणांची केंद्रीय नोंदवही आहे. कर्जदाराच्या नावावर आणि मिळकतीवर, असे दोन्ही शोध शुल्क भरून घेता येतात. तिथे पत्ता बँकेने लिहिला तसाच असतो, त्यामुळे गट, सिटी सर्व्हे आणि फ्लॅट क्रमांक वेगवेगळे घालून पाहावे लागते. 24 जानेवारी 2020पासून या नोंदीला वजन आले : नोंदणी केलेल्या धनकोचे येणे राज्याच्या करांच्याही आधी. 2022मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने विक्रीकराच्या थकबाकीबाबत हेच धरले, पण नोंदणी झालेली असेल तरच. म्हणून बँकेकडे त्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख लेखी मागावी.

वीजबिलाबाबत 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेणाऱ्यावरच चौकशीचा भार टाकला. महाराष्ट्रात 2005च्या वीजपुरवठा नियमावलीने वारस सोडून इतरांवर येणारी जुनी थकबाकी कमाल सहा महिन्यांपुरती बांधली होती. सोसायटीच्या थकबाकीला अशी मर्यादा गृहीत धरू नये. भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) नावावर करताना ती व्याजासह मागितली जाते. सचिवांकडून आकडा लेखी घ्यावा आणि बोलीच्या रकमेतून आधीच वजा करावा.