तिकिटाऐवजी सेवा: नाशिकमध्ये अम्युझमेंट पार्कात स्वयंसेवक व्हायचे तर पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, ही सरकारी योजना नाही. 'आपले सरकार' पोर्टलवर तिचा फॉर्म नाही, सेतू केंद्रात तिचा अर्ज मिळत नाही आणि तहसीलदारांच्या दाखल्याशी तिचा काही संबंध नाही. एक दिवस पार्कात मदत करायची आणि बदल्यात मोफत प्रवेशाचा पास घ्यायचा, हा तुमचा आणि पार्कच्या व्यवस्थापनाचा आपसातला व्यवहार आहे. त्यामुळे 'शासनमान्य स्वयंसेवक भरती' असे लिहून कोणी नोंदणी शुल्क मागत असेल, तर पैसे भरू नका. फुकट काम करायला जाणाऱ्याने वरून पैसे कशाचे द्यायचे?

सरकारी योजना नसल्यामुळे ठरलेला नमुना नाही, आणि म्हणूनच कागदावर काय लिहून घेतले याला महत्त्व येते. तोंडी ठरलेला पास गेटवरच्या माणसाला माहीत नसतो.

सेवा कुठली आणि नोकरी कुठली

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून यावर थोडा वेळ घालवू. अम्युझमेंट पार्क किंवा वॉटर पार्क हा धंदा आहे. तिथे तिकीट खिडकीवर बसणे, लॉकरच्या चाव्या देणे, कॅन्टीनमध्ये ताटे उचलणे, राईडच्या रांगेत पट्टे तपासणे ही रोजची कामे पगारी माणसांची आहेत. ती तुमच्याकडून तिकिटाच्या मोबदल्यात करून घेतली, तर त्याला स्वयंसेवा म्हणता येत नाही.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार वेतन नाणी-नोटांत, धनादेशाने, बँक खात्यात किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने द्यावे लागते. वस्तू किंवा सवलतीच्या रूपात काही दिले, तर एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच ते वेतनात धरले जाते. म्हणजे दिवसभर राबवून घ्यायचे आणि संध्याकाळी हातात पास ठेवून 'हाच तुमचा पगार' म्हणायचे, याला कायद्याचा आधार नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी त्या दिवशी गेलो नाही, तर माझ्या जागी पार्कला पगारी माणूस लावावा लागेल का? उत्तर 'हो' असेल तर ते काम आहे. रोजंदारी मागा, पास वरून मिळाला तर घ्या. उत्तर 'नाही' असेल, उदाहरणार्थ एखाद्या संस्थेने अनाथाश्रमातली किंवा दिव्यांग मुले सहलीला आणली आहेत आणि त्यांच्यासोबत फिरायला हात हवेत, किंवा सामाजिक संस्थेचा स्वच्छतेचा नाहीतर प्लास्टिकबंदीचा उपक्रम पार्कात आहे, तर ती सेवा. अशा ठिकाणी मोफत प्रवेश म्हणजे आभाराची भेट, आणि ती घ्यायला काहीच हरकत नाही.

मधली एक जागा आहे, ती म्हणजे इव्हेंट. नाशिकमध्ये रंग खेळायचा तो रंगपंचमीला. जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात आणि ज्यांना तिथल्या गर्दीत जायचे नसते ते रेन डान्सच्या कार्यक्रमांकडे वळतात. थर्टी फर्स्टचेही तसेच. या दिवशी इव्हेंट कंपन्या 'व्हॉलंटिअर' म्हणून पोरे गोळा करतात. माझ्या मते तिकीट विकून केलेल्या अशा कार्यक्रमात बिनपगारी उभे राहू नये. गर्दी सांभाळणे हे जबाबदारीचे आणि प्रसंगी धोक्याचे काम आहे. नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेला किंवा डोंगरे वसतिगृह मैदानावर आकाशपाळणे लागतात, तिथलाही न्याय हाच.

पात्रता

वय १८ पूर्ण असेल तर अडचण नाही. १८ च्या आतल्या व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे बंधनकारक ठरत नाही, म्हणून अर्जावर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते आणि त्यांचा फोन नंबरही. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यास १९८६ च्या बालकामगार कायद्याने, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, जवळपास सर्वच ठिकाणी मनाई आहे. 'सेवा' असे नाव दिले म्हणून ती उठत नाही. १४ ते १८ च्या मुलांना धोकादायक कामे देता येत नाहीत. राईडची यंत्रे, वीज, पंप हाऊस आणि पाण्यात टाकायची क्लोरीनसारखी रसायने यांच्या आसपास या वयाच्या मुलांना पाठवूच नये.

शिक्षणाची अट सहसा नसते. मराठी-हिंदी बोलता येणे, उन्हात चार तास उभे राहता येणे आणि लहान मुलांशी न चिडता बोलता येणे एवढे पुरते. शेवटची अट वाटते तेवढी सोपी नाही.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) असाल, तर वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तासांचे काम भरावे लागते. खासगी पार्कातले तास त्यात आपोआप धरले जातील असे समजू नका. आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. १५ ते २९ वयोगटासाठी केंद्र सरकारचे 'माय भारत' पोर्टल आहे. तिथे नोंदणी करून स्वयंसेवेच्या संधी पाहता येतात. एनएसएस नसलेल्यांना तो एक मार्ग आहे.

कागदपत्रे

ओळखपत्र म्हणून आधार मागितले जाते. द्यायचे असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि 'फक्त स्वयंसेवक नोंदणीसाठी' असे आडवे लिहून सही करा. कोणी मूळ आधार किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेत असेल तर सरळ परत या. कॉलेजचे ओळखपत्र, दोन पासपोर्ट फोटो, घरच्या एका माणसाचा नंबर आणि रक्तगट एवढे जवळ असले की बाकीची कागदपत्रे प्रसंगानुसार लागतात.

मुलांसोबत काम असेल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जाऊ शकतो, आणि तो मागणारे पार्क चांगले समजावे. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) नियम, २०२० नुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करणे अपेक्षित आहे. अर्ज ऑनलाइन होतो. राहणे नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर तिकडे, सिन्नर, निफाड, इगतपुरीकडचे असाल तर नाशिक ग्रामीण पोलिसांकडे. दाखला कशासाठी हवा हे दाखवणारे पार्कचे पत्र हाताशी असलेले बरे, म्हणून आधी पत्र घ्या, मग दाखल्याच्या मागे लागा. एका दिवसाच्या सेवेसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. वर्षभरात अनेकदा जाणार असाल तरच करा.

आता विमा. पगारी कामगाराला ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) संरक्षण असू शकते, स्वयंसेवकाला नसते. ओल्या फरशीवर पाय घसरला तर दवाखान्याचे बिल कोण भरणार, हे आधी विचारा. स्वतःपुरते एक करता येते: १८ ते ७० वयोगटातल्या बँक खातेदाराला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत घेता येते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. उपचाराचा खर्च त्यात येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

अर्ज

शनिवार-रविवारी गेटवर जाऊन विचारू नका; गर्दीत कोणाला वेळ नसतो. मधल्या वारी सकाळी ऑफिसला फोन करून सहली किंवा ग्रुप बुकिंग पाहणाऱ्या व्यक्तीचे नाव घ्या. शाळांच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतात, तेव्हा मदतीची गरज खरी असते. एकट्याने जाण्यापेक्षा ज्या शाळेची किंवा संस्थेची सहल आहे तिच्यामार्फत नाव गेले तर काम लवकर होते. अर्ज साधा असावा:

प्रति,
मा. व्यवस्थापक, (पार्कचे नाव), नाशिक.
विषय: स्वयंसेवक म्हणून मदत करण्याबाबत.
महोदय/महोदया,
मी (नाव), वय (...), राहणार (...), (कॉलेज व वर्ग). दि. (...) रोजी (संस्थेचे नाव) यांच्या सहलीतील मुलांसोबत सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत मदत करण्याची माझी तयारी आहे. राईड चालवणे, जीवरक्षक म्हणून पाण्यात उतरणे आणि पैसे हाताळणे ही कामे मी करणार नाही. सेवेनंतर मिळणाऱ्या प्रवेशपासाचा तपशील व मुदत, तसेच सेवेदरम्यान इजा झाल्यास उपचाराच्या खर्चाची जबाबदारी कोणाची, हे कृपया लेखी कळवावे.
आपला/आपली नम्र,
(सही, तारीख, १८ वर्षांखालील असल्यास पालकांची सही)

दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. ईमेलने पाठवलात तर उत्तराची वाट पाहा. उत्तर आल्याशिवाय जाऊ नका.

उत्तरात पासविषयी काय लिहिले आहे ते नीट वाचा. 'मोफत प्रवेश' म्हणजे नुसते आत जाणे, की सगळ्या राईड? वॉटर पार्कात कॉश्च्यूमचे भाडे, लॉकरची अनामत आणि जेवण वेगळे असते; तिकीट वाचले आणि तेवढेच पैसे आत गेले असे व्हायला नको. पास सुट्टीच्या दिवशी चालतो का? त्याच दिवशी वापरायचा की नंतर? दुसऱ्या कोणाला देता येतो का? सेवेच्याच दिवशी दुपारी दोनला पास मिळाला, तर बंद व्हायच्या वेळेपर्यंत हातात किती तास उरतात तेही बघा. शक्यतो दुसऱ्या दिवसाचा पास मागावा.

जाण्या-येण्याचे भाडे पार्ककडे मागायला लाजू नका. पार्क शहराबाहेर महामार्गालगत असेल तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ, सिटीलिंक असो वा एसटी, आधी पाहून ठेवा.

त्या दिवशी कोणी म्हणाले, 'जरा पाच मिनिटं हा पाळणा बघ, मी आलोच,' तर नाही म्हणा. पॅनेलला हात लावायचा नाही. पोहायला येते म्हणून जीवरक्षकाच्या खुर्चीत बसायचे नाही. मूल हरवलेले दिसले तर त्याला घेऊन फिरत बसू नका. तिथेच थांबून जवळच्या कर्मचाऱ्याला बोलवा आणि कार्यालयात घोषणा करायला सांगा. मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका. मुलाशी कोणी गैरवर्तन करताना दिसले, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे तुमच्यावरही बंधनकारक आहे; मुलांची हेल्पलाइन १०९८, तातडीसाठी ११२.

ठरल्याप्रमाणे पास दिला नाही, तर लेखी पत्राची प्रत जोडून आधी व्यवस्थापनाला ईमेल करा. तुमच्याकडून रोजचे पगारी काम करून घेतले असेल तर प्रश्न पासापुरता राहत नाही, वेतनाचा होतो. मग तक्रार नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात द्यावी. सोबत अर्जाची पोच, मेसेजचे स्क्रीनशॉट, त्या दिवशी दिलेल्या बॅजचा किंवा टी-शर्टचा फोटो आणि किती वाजता आलात, किती वाजता सुटलात याची नोंद जोडा. ही नोंद त्याच संध्याकाळी घरी आल्यावर लिहून ठेवा.